आईची वारी

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात केलेलं भाषण)



दिंडीचे विणेकरी, चोपदार, टाळकरी, मृदंगवाले, डोईवर तुळस घेऊन चालणाऱ्या माउल्या, आणि दिंडी जिथं जिथं टेकते त्या सगळ्या गावची मंडळी, तुम्हा सगळ्यांच्या चरणी माझा दंडवत. मी शेतकरी माणूस. शाळा चौथीपर्यंत. पुढची शाळा गुरांमागं हिंडून आणि टाळकऱ्यांच्या पाठीमागं उभं राहून झाली. बोलण्यात कमी-जास्त झालं तर पदरात घ्या.

मंडळी, शंभर वर्षांचं पुस्तक निघणार म्हटल्यावर पोरांनी मला नावांची यादी वाचून दाखवली. पहिले विणेकरी कोण, त्यांच्या मागून कोण, चोपदारकी कुणाच्या घरात, पहिली बैलगाडी कुणी दिली, तंबू कुणी दिला, ट्रक कुणाचा. सगळं बरोबर होतं. पण मी त्यांना विचारलं, बाळांनो, शंभर वर्षं ही दिंडी जेवली कुणाच्या हातचं? त्या यादीत भाकरी थापणाऱ्या एकाही बाईचं नाव नव्हतं. पोरं म्हणाली, बुवा, मग तुम्हीच सांगा. म्हणून आज मी माझ्या आईबद्दल बोलणार आहे. ती माझी आई होती एवढ्यासाठीच नव्हे. मुक्कामाच्या प्रत्येक गावात अशी एक चूल होती. त्यातली एक मी जवळून बघितली, म्हणून.

आमचं गाव माण तालुक्यात, दहिवडीहून म्हसवडला जाणाऱ्या वाटेच्या थोडं आत. माण म्हटलं की पाऊस ढगात आणि माणूस रस्त्यावर. जमीन दहा एकर, सगळी कोरडवाहू. बाजरी, हुलगा, मटकी, पाऊस लागला तर ज्वारी. माणगंगा वर्षातले दहा महिने वाळूच दाखवते. ही नदी पुढं जाऊन भीमेला मिळते. आई म्हणायची, "नदीला पाणी असलं तर ती वारीला जाती. नसलं तर आपुन जायाचं."

दिंडी आमच्या घरी आषाढ शुद्ध पंचमीला यायची. पुढं म्हसवड, पिलीव करत दशमीला पंढरपूर. साठ-सत्तर माणूस. आई लग्न होऊन आली तेव्हा ही सेवा सासूकडं होती, सासूच्या मागं आईकडं आली. घरात सोनंनाणं काही आलं नाही, ही पंचमी तेवढी वारसानं आली.

आता साठ-सत्तर माणसांच्या भाकरीला पीठ किती लागतं? माणशी तीन भाकरी धरा, दोनशे भाकरी झाल्या. पाच पायल्या धान्य तरी पाहिजे. कोरडवाहू घरात एकदम पाच पायल्या काढायच्या कुठून? तर आईची रीत अशी. रोज पहाटे दळायला बसताना त्या दिवसाच्या धान्यातली एक मूठ बाजूला काढायची आणि कोपऱ्यातल्या मडक्यात टाकायची. त्याला आम्ही मुठीचं मडकं म्हणायचो. एक मूठ म्हणजे काय, चिमणीचा घास. पण वर्षाच्या तीनशे पासष्ट मुठी झाल्या की बरोबर पाच पायल्या भरतात. मी पुढं मापून बघितलंय. आईला पाढे येत नव्हते, पण हा हिशेब तिचा कधी चुकला नाही. कीड लागू नये म्हणून त्यात कडुनिंबाचा पाला, वरून राख. घरात पीठ संपलं तरी त्या मडक्याला हात लावायचा नाही. आम्ही पोरं भुकेनं रडलो तर शेजारून उसनं आणेल, पण मडक्यातलं नाही. म्हणायची, "ते आपलं न्हवं. ते पाव्हण्याचं. आपल्याकडं नुसतं ठेवाय दिलंय."

पाहुणा म्हणजे कोण? हे तिनं मला लहानपणी सांगितलं आणि मी ते आजपर्यंत शंभर कीर्तनांत सांगितलं असेल. पंढरीचा देव कोण आहे? पाहुणा आहे. पुंडलिकाच्या दारात आला. पुंडलिक आईबापाची सेवा करत होता, त्याला उठायला सवड नव्हती. त्यानं वीट फेकली आणि म्हणाला, उभा राहा. अठ्ठावीस युगं झाली, तो पाहुणा कमरेवर हात ठेवून उभाच आहे. आई म्हणायची, "पुंडलिकाकडं वीट हुती, त्यानं वीट दिली. आपल्याकडं भाकरी हाय, आपुन भाकरी द्यावी." मोठमोठ्या महाराजांची निरूपणं मी ऐकली, पण ह्या दोन वाक्यांच्या पुढं मला जाता आलेलं नाही.

आता गाण्याचं सांगतो. लोक विचारतात, बुवा, तुमचे गुरू कोण? मी फडावरच्या गुरूंचं नाव घेतो, ते घेतलंच पाहिजे. पण माझा पहिला ठेका जात्याचा. पहाटे तीन-साडेतीनला आई जात्यावर बसायची. मी शेजारी गोधडीत. ओवीचे पहिले दोन चरण एका दमात, मग वैरण घालायला हात वर जायचा तेवढी विश्रांती, मग पुढचे चरण. ओवीत आधी पांडुरंग यायचा, मग ज्ञानोबा-तुकाराम, मग तिचा भाऊ, मग आम्ही पोरं, आणि शेवटी पाऊस. जनाबाईंच्या जात्याला देवानं हात लावला असं आपण सांगतो. मला लहानपणी ते खोटं वाटायचंच नाही. समोरची बाई नसली तरी आईचं जातं दोघी दळताहेत असं फिरायचं.

आईला अक्षर ओळखता येत नव्हतं. पण हरिपाठ सगळा तोंडपाठ. ऐकून ऐकून बसलेला. मी चौथी शिकलेला, मी पुस्तक घेऊन बसायचो आणि ती चुलीपुढनं म्हणायची. कुठं माझा शब्द अडला की तिकडनं तो शब्द यायचा. मी कीर्तनाला उभा राहायला लागलो तेव्हा तिनं एकच गोष्ट सांगितली. "जातं जोरात वढलं की पीठ जाडं पडतंय. घास मोठा टाकला की निम्मं अख्खंच खाली येतंय. सबुरीनं फिरव. ऐकणाऱ्याला पचाय पायजे." माउली, आज तरण्या कीर्तनकारांना मी हेच सांगतो. माइक मोठा झालाय, मांडव मोठा झालाय, पाकीटही मोठं झालंय. पण घास ऐकणाऱ्याच्या तोंडात मावेल एवढाच टाका.

बहात्तरचा दुष्काळ इथल्या म्हाताऱ्या माणसांना सांगायला नको. मी तेव्हा चौदा वर्षांचा. पाऊस गेला, खरीप गेलं, रब्बीचं नावच नाही. विहिरीत बादली टाकली की दगडाचा आवाज यायचा. आख्खं गाव खडी फोडायला आणि पाझर तलावाच्या कामावर. कामावर सुकडी मिळायची आणि रेशनला लाल मिलो. त्या मिलोची भाकरी ज्यानं खाल्ली त्याला तिची चव सांगायला नको. वडील आजारी पडले होते, त्यामुळं आई आणि मी कामावर. आईच्या हाताला खडीनं घरं पडली होती.

त्र्याहत्तरच्या ज्येष्ठात दिंडीकडून निरोप आला. निरोपही मायेनंच आला होता. यंदा तुमच्या गावावर भार नको, आम्ही तुमच्या वेशीवर नमस्कार करून थेट पुढं जातो. गावातली जाणती माणसं म्हणाली, बरं झालं, अब्रू वाचली. आईनं निरोप घेऊन आलेल्या माणसाला बसवलं आणि कोपऱ्यातलं मडकं ओढून दाखवलं. त्या वर्षी मुठी लहान होत्या. काही दिवस तर चिमूटच पडली असेल. पण मडकं निम्म्याच्या वर भरलं होतं. त्यात बाजरी होती, हुलगा होता, मिलोही होता. आई म्हणाली, "भाकरी हुयाची न्हाई. माडगं हुईल. पांडुरंगाला म्हणावं, यंदा पातळ हाय, पण हाय."

पंचमीला दिंडी आली. आईनं आणि आळीतल्या बायांनी हुलग्याचं आणि मिश्र पिठाचं माडगं केलं. मोठ्या काहिलीत, पातळ, वर मीठ-मिरचीचा खर्डा. साठ माणसं जेवली आणि गावातली लेकरंही जेवली. कामावरनं आलेली, दगडाच्या धुळीनं पांढरी झालेली माणसं टाळकऱ्यांच्या रांगेत बसली. त्या रात्रीचा हरिपाठ अजून माझ्या कानात आहे. त्या साली पुढं पाऊस झाला. तो आईमुळं झाला असं मी म्हणणार नाही, पाऊस सगळ्या महाराष्ट्रात झाला. पण बिनपावसाच्या वर्षी दिंडीचा मुक्काम मोडला नाही, तो मात्र आईमुळं मोडला नाही.

आता एक गोष्ट सांगतो, ती थोडी अवघड आहे. शताब्दीत गोड गोडच सांगावं असा रिवाज असतो. पण आई असती तर म्हणाली असती, सांगायचं तर सगळं सांग.

आपला वारकरी धर्म एकमेकांच्या पाया पडण्याचा आहे. वाटेवर लहान-थोर, जात-पात बघत नाही. पण पंगतीला काय व्हायचं? पूर्वी आमच्या अंगणात पंगत बसायची आणि मातंग वस्तीवरची माणसं कुंपणाच्या बाहेर बसायची. त्यांना वाढप मागून. तीही दिंडीबरोबर चालायची, त्यांच्या गळ्यात तीच तुळशीची माळ, पण पत्रावळ बाहेर. चोखोबारायांची समाधी पंढरीच्या महाद्वारात, नामदेव पायरीच्या समोर आहे. जिवंतपणी त्यांना आत जाता आलं नाही. मे १९४७ मध्ये साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले, तेव्हा कुठं ते दार सगळ्यांना उघडलं. देवाचं दार उघडलं, पण आमच्या अंगणाचं कुंपण तसंच होतं.

वस्तीवरची एक मावशी होती. केरसुण्या वळायची, दोर वळायची. खडीच्या कामावर ती आणि आई एकाच ढिगावर बसायच्या. वडील वारल्यावर घरात आईचा शब्द चालायला लागला. त्या वर्षीच्या पंचमीला आईनं मला सांगितलं, पत्रावळ्या एकाच रांगेत मांड. मी मांडल्या. मावशीला हाताला धरून आणलं आणि रांगेत मधोमध बसवलं.

दिंडीतले एक वयस्क गृहस्थ उठून उभे राहिले. नाव घेत नाही, माणूस भला होता, गेला बिचारा. म्हणाले, बाई, ही रीत नव्हे, आम्ही जेवणार नाही. अंगणात कोणी श्वाससुद्धा घेईना. आईनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाली, "बुवा, सकाळी रस्त्याला तुमी हिच्या पाया पडला. ही तुमच्या पडली. मी बगितलं. मग आता ताटावर बसायच्या येळंला हिच्यातला पांडुरंग कुठं गेला?"

बुवा बोलले नाहीत. तेवढ्यात विणेकरी उठले. गळ्यातली वीणा त्यांनी दुसऱ्याच्या गळ्यात दिली, आणि मावशीच्या शेजारची पत्रावळ धरून बसले. मग एक बसला, दुसरा बसला, पंगत भरली. चार माणसं मात्र न जेवता उठून गेली, हेही सांगितलं पाहिजे. दोन वर्षं ती आमच्या अंगणात आली नाहीत. तिसऱ्या वर्षी आली. आईनं काही बोलून दाखवलं नाही. वाढताना त्यांच्या पानावर तूप जरा जास्त पडलं, एवढंच.

तुम्ही म्हणाल, एवढी भक्ती, मग बाई आषाढीला पंढरीला किती वेळा गेली? मंडळी, चाळीस वर्षांत एकदाही नाही. पंचमीला दिंडी जेवून जायची, मागं भांडी, मागं गुरं, पेरणी. ती वेशीपर्यंत यायची, विण्याला डोकं टेकवायची आणि मागं फिरायची. सुनेच्या हाताला चूल बसली तेव्हा साठी ओलांडलेली. मग गेली. डोईवर तुळस घेऊन, अनवाणी. पंढरपुरात पोचल्यावर मी म्हटलं, आई, दर्शनाच्या बारीत उभी करतो. म्हणाली, "कळस दिसला, बास झालं. आत तो रोज हुबाच हाय, त्याला कुठं जायाचंय? मला चोखोबाच्या पायरीपाशी ने." तिथं डोकं टेकवलं, चंद्रभागेची वाळू चिमूटभर पदराला बांधली. घरी आल्यावर ती वाळू तिनं कुठं ठेवली असेल? मुठीच्या मडक्याच्या तळाशी.

आई गेली त्याला आता वीस वर्षं होऊन गेली. ज्येष्ठाच्या अमावास्येला गेली. पंचमी पाच दिवसांवर. घराला सुतक, आणि एका आडनावाचं गाव, भावकी मोठी. भावकीला सुतक म्हणजे निम्म्या गावाच्या चुली बंद. दिंडीला काय सांगायचं? मी निरोप पाठवायला निघालो होतो. पायरीवर मावशी बसलेली. तीही म्हातारी झालेली. म्हणाली, "निरोप कशाला? मडकं तिचं हाय, चूल माझी हाय."

गावात कुजबूज झाली. सुतकाच्या घरचं धान्य, वस्तीवरची चूल, दिंडी खाईल का? मी त्या दिवशी काही बोललो नाही, पण मनात नाथमहाराज आले. पैठणला नाथांच्या घरी श्राद्धाचा स्वयंपाक झाला होता. वास सुटला म्हणून वाटेवरची भुकेली माणसं थांबली. नाथांनी ते श्राद्धाचं अन्न त्यांना आधी वाढलं. गावानं वाळीत टाकलं, पण पितर जेवायला आले, असं आपण परंपरेनं सांगत आलो. नाथांना जे करता आलं ते दिंडीला करता येतं का, एवढाच प्रश्न होता.

पंचमीला दिंडी आली. आमच्या दारापुढं थांबली, टाळ न वाजवता सगळ्यांनी नाम घेतलं. मग विणेकऱ्यांनी पाय वळवला तो वस्तीकडं. वस्तीतल्या बाया पहाटेपासून भाकरी थापत होत्या. पंगत मांडली आणि क्षणभर सगळे उभेच. तेव्हा पहिलं कोण बसलं? त्या वर्षी न जेवता उठून गेलेल्या बुवांचा थोरला मुलगा. त्यानं मावशीला वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "मावशी, वाढ. आमच्या घरची एक पंगत तुझ्याकडं राहिलीय." मी सुतकाचा, लांब बांधावर बसून बघत होतो. डोळ्यांना धार लागली होती. आईला अग्नी देताना रडलो नाही इतका त्या भाकरीकडं बघून रडलो.

तेव्हापासून आमच्या गावचा मुक्काम दोन चुलींवर आहे. एका वर्षी आमची, एका वर्षी वस्तीची. मावशीही आता नाही. तिच्या सुना आणि माझ्या सुना एकमेकींना हाक मारून पीठ मळतात.

२०२० साली करोना आला. पायी वारी झाली नाही, संतांच्या पादुका एसटीनं पंढरीला गेल्या. दिंडी निघाली नाही आणि मडकं भरलेलं. माझी बायको म्हणाली, ह्याचं काय करायचं? मुंबई-पुण्याहून परत आलेली आपल्याच गावची माणसं तेव्हा शाळेत वेगळी ठेवली होती. लोक त्यांच्या वाऱ्याला उभं राहत नव्हते. मडक्यातल्या धान्याच्या भाकरी दोन्ही घरांनी मिळून त्यांना पोचवल्या. पाहुण्याचं धान्य पाहुण्याला गेलं. आईचा नियम मोडला नाही.

आता शेवटचं, आणि मग बसतो. काळ बदललाय. दिंडी साठ-सत्तरची आता चारशेवर गेली. ट्रक आहे, गॅस आहे, आचारी आहेत, पाण्याचा टँकर आहे. त्याला मी नाव ठेवत नाही. चारशे माणसांच्या भाकरी आजच्या सुनांनी हातानं थापाव्या असं म्हणणारा मी कोण? मी स्वतः किती थापल्या? पण समितीला हात जोडून तीन गोष्टी मागतो.

एक, वाटेवरचं एक तरी जेवण घरांमधून येऊ द्या. पन्नास घरांनी आठ-आठ माणसं वाटून घेतली की चारशे होतात. तंबूत जेवलेला माणूस मुक्कामाचं गाव विसरतो. कुणाच्या ओसरीवर जेवलेला विसरत नाही. आणि ही घरं वाटताना आळी बघू नका, वस्ती बघू नका. चिठ्ठ्या टाका. पांडुरंग ज्या घरी पाठवील तिथं जेवा.

दोन, ज्याला जमेल त्यानं घरात मुठीचं मडकं ठेवा. मडकं नसलं तर डबा ठेवा. गिरणीत दळण टाकताना एक मूठ बाजूला. दिंडीला नाही लागली तर दाराशी आलेल्याला लागेल.

तीन, ह्या पुस्तकात दोन पानं कोरी सोडा. प्रत्येक मुक्कामाच्या गावानं तिथं आपल्या गावच्या भाकरी थापणाऱ्या बायांची नावं हातानं लिहावी. जुन्या बायांची नावं आज सांगणारी माणसं आहेत. आणखी दहा वर्षांनी कोण सांगेल? ज्या बाया वेशीपर्यंतच आल्या आणि मागं फिरल्या, त्यांची वारी पांडुरंगाच्या दप्तरी लागलेली आहे. आपल्याही दप्तरी लागू द्या.

एवढं बोलून मी माझी सेवा माउलींच्या चरणी ठेवतो. सगळ्यांनी एकदा म्हणा,

पुंडलिक वरदे हरी विठ्ठल!